एसटीचा बिल्ला

कळस गावचे जोतीराम तेरा वर्षं बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीत टूल स्टोअरच्या खिडकीत बसले. कंपनी दूध थंड ठेवायच्या टाक्या बनवायची. फिटरनं आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिडकीत द्यायचा आणि बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर न्यायचा. मायक्रोमीटर परत आला की बिल्ला परत. साधंच काम, पण तेरा वर्षांत तिथला एक पाना गहाळ झाला नाही. जोतीरामांचे वडील मेंढरं राखायचे. कळपातलं एखादं मागं राहिलं तर न मोजता त्यांच्या ध्यानात यायचं, आणि लोक म्हणत की तीच नजर पोरात उतरली आहे. असं कुणी म्हटलं की जोतीराम चिडत. "नजर कसली? ध्यान द्यावं लागतं." राग तसा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा, पण तो फार वेळ तिथं टिकत नसे.

सत्त्याण्णव साली या माणसाला कंपनीनं जिना चढून वर, ड्रॉइंग खात्यात नेलं.

वरच्या पाच कॉम्प्युटरांवर ड्रॉइंगचा प्रोग्राम होता आणि प्रत्येकाच्या पाठीला खोचलेलं त्याचं एक बोटभर लॉक. लॉक नसेल तर प्रोग्राम उघडत नसे. वर्क्स मॅनेजर बापूसाहेबांनी आणखी तीन कॉम्प्युटर आणले, ती पाच लॉकं परत केली आणि त्यांच्या बदल्यात चार फ्लोटिंग लायसनं घेतली. प्रोग्रामच्या कंपनीकडून पुण्याहून आलेल्या माणसानं सगळ्यांना समजावलं की आता खात्यातल्या आठही जणांनी कुठल्याही कॉम्प्युटरवर बसावं, मात्र एका वेळी चौघांनाच प्रोग्राम उघडेल. पाचव्यानं थांबायचं. कुणी कधीपासून लायसन धरलंय ते कोपऱ्यातल्या सर्व्हरवर दिसेल, आणि वेळ पडली तर तिथूनच एखादं मोकळंही करता येईल.

हे सांभाळायचं कुणी? सगळ्या इंजिनिअरांना नेमकी त्याच वेळी महत्त्वाची कामं आठवली.

"जोतीराम, इतकी वर्षं वस्तू देताय-घेताय. ही बी एक वस्तूच समजा," बापूसाहेब म्हणाले.

जोतीरामांनी सर्व्हरच्या मागं वाकून पाहिलं. "दिसत न्हाय ती वस्तू सांभाळायची कशी, साहेब?"

"तेच शिकायचं हाय."

या बदलात खरी अडचणीत आली ती रेश्मा. इंदापूरकडच्या बावडा गावची ही मुलगी तीन वर्षं त्याच खात्यात ट्रेसर होती. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग ती पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायची. आता शाईच बंद झाली. बापूसाहेबांनी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की महिनाअखेरपर्यंत एक पूर्ण टाकी कॉम्प्युटरवर स्वतः काढून दाखव, खात्यात जागा पक्की. नाहीतर ट्रेसरला आता इथं काम उरलेलं नाही. रेश्मा त्याला तयार होती. इंदापुरात दर रविवारी क्लासला जाऊन तिनं प्रोग्राम शिकून घेतला होता.

पण शिकून उपयोग काय? बाकीचे मोटारसायकलवर आठच्या ठोक्याला हजर. बावड्याहून निघालेली तिची एसटी पोचायची पावणेनऊला, आणि तोवर चारही लायसनं गेलेली असायची. संध्याकाळी एखादं सुटेपर्यंत तिच्या परतीच्या गाडीची वेळ व्हायची. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत तिला सगळे मिळून दोन तास मिळाले.

तेराव्या दिवशी सर्व्हर पाहताना जोतीरामांच्या ध्यानात आलं, की युवराजचं लायसन आठपासून चालू आहे आणि स्वतः युवराज मात्र गेटबाहेरच्या टपरीवर चहा पितोय. युवराज खात्यातला सगळ्यात हुशार इंजिनिअर. पण सवय सगळ्यांसारखीच होती: काम असो नसो, आल्या आल्या प्रोग्राम उघडून ठेवायचा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि मग खुशाल खाली फिरत राहावं, तसा प्रकार. जोतीरामांचं डोकं सणकलं. पुण्याच्या माणसानं दाखवलेला हुकूम त्यांनी सर्व्हरला दिला आणि युवराजचं लायसन मोकळं केलं.

"बस, रेश्मा. मिळालं तुला."

युवराज परत आला तेव्हा पडद्यावरचा प्रोग्राम बंद झालेला होता. सकाळपासून त्यानं टाकीच्या झाकणाचं ड्रॉइंग काढलं होतं आणि सेव्ह केलं नव्हतं. दोन तासांचं काम पार गेलं.

"तात्या, तुमी माझ्या हातातलं हिसकावून घेतलं," तो जोतीरामांना म्हणाला. आरडाओरडा केला असता तर जोतीरामांनी चार शब्द ऐकवले असते. पण तो हळू आवाजात बोलला, आणि त्यांचा राग तिथंच उतरला.

बापूसाहेबांनी बजावलं, की पुन्हा असं झालं तर हे काम दुसऱ्याकडं जाईल. सगळ्यात जिव्हारी लागलं ते मात्र वेगळंच. रेश्मानं निमूटपणे प्रोग्राम बंद केला आणि खुर्चीवरून उठली. "माझ्यापायी कुणाचं नुकसान नगं, तात्या."

त्या दिवशी जोतीरामांनी डबा तसाच घरी नेला. बायको विजयमाला काय झालं विचारत राहिली, यांच्या डोक्यात मात्र टूल स्टोअरची खिडकी फिरत होती. तेरा वर्षांत आपण कधी लेथपाशी जाऊन कुणाच्या हातातला मायक्रोमीटर ओढला नव्हता. तशी वेळच आली नव्हती. का? कारण नेणाऱ्याला ठाऊक असायचं की आपण नेलंय. त्याचा बिल्ला खिडकीत अडकलेला असायचा. इथं बटण दाबलं की लायसन येतं, हाताला काहीच लागत नाही. मग आपण दुसऱ्याची पाळी अडवून बसलोय हे त्या बिचाऱ्यांना तरी कसं कळावं? हे सुचलं तेव्हा जोतीरामांना आपल्या चुकीची लाजही वाटली आणि हुरूपही आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारातले चार जुने बिल्ले चिंचेनं घासून लख्ख केले आणि ड्रॉइंग खात्याच्या दारात फळीला चार खिळे ठोकून त्यांवर अडकवले. मग सगळ्यांसमोर उभे राहिले.

"कालची चूक माझी. इचारायला पायजे हुतं, इचारलं न्हाय. आता आपण असं करू. बिल्ला हातात असंल त्यानंच प्रोग्राम उघडायचा. उठताना काम सेव्ह करायचं, प्रोग्राम बंद करायचा, बिल्ला खिळ्याला. चहाला जाताना बी." त्यांनी शेवटच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. "आणि ह्यो पावणेनऊपतुर हालणार न्हाय. ह्यो लांबनं एसटीनं येणाऱ्याचा."

युवराज म्हणाला, "चूक मान्य केली, बरं वाटलं. पण बिल्ले? आमी डिप्लोमावाले हाय तात्या, फिटर न्हाय."

"फिटर लाजत न्हाईत बिल्ला द्यायला," जोतीराम म्हणाले. राग पुन्हा शेंड्यावर आला होता. बापूसाहेबांनी आठ दिवस करून बघू म्हणून मध्यस्थी केली.

बाकीच्यांनी कुरकुरत का होईना बिल्ले घेतले. युवराज मात्र बिल्ल्याविनाच प्रोग्राम उघडायचा. जोतीरामांनी सर्व्हरला हात लावला नाही. रोज सकाळी ते एक बिल्ला घेऊन त्याच्या टेबलापाशी जायचे आणि समोर ठेवायचे. "तुमचा ऱ्हायला वाटतं, युवराजराव." शेजारची पोरं हसू दाबायची आणि युवराजचे कान लाल व्हायचे. एसटीचा बिल्ला मात्र रोज रेश्माच्या हातात पडत होता आणि तिची टाकी हळूहळू उभी राहत होती.

महिना संपायला तीन दिवस उरले होते. त्या सकाळी युवराजची मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली आणि तो नऊला पोचला. चारही बिल्ले गेलेले. नेमकं खाली पत्र्याचं कटिंग अडलेलं, कारण त्याच्या ड्रॉइंगमध्ये एका भोकाची जागा चुकली होती.

"तात्या, एक लायसन मोकळं करा."

"मोकळं करणार न्हाय. मागा जाऊन."

युवराजनं तिघांकडं पाहिलं. तिघांनी माना पडद्यात घातल्या. रेश्माची अजून अर्धी टाकी बाकी होती, एकेक तास मोलाचा होता. तिच्याकडं मागायची त्याची हिंमत होईना. तिनंच काम सेव्ह केलं, प्रोग्राम बंद केला आणि बिल्ला त्याच्यापुढं धरला.

"खाली माणसं थांबलीत, सर. झालं की मला परत द्या."

वीस मिनिटांनी त्यानं बिल्ला खिळ्याला न लावता तिच्या हातात नेऊन दिला. तिचं ड्रॉइंग उघडल्यावर तो जरा वेळ मागं उभा राहिला. "तळाचा उतार वाढवा थोडा. धुतल्यावर पाणी साचंल." मग शेजारची खुर्ची ओढून त्यानं उतार कसा काढायचा ते दाखवलं. जोतीरामांनी मुद्दाम दुसरीकडं तोंड केलं, कारण त्यांना बरं वाटत होतं आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

त्या दिवसापासून युवराज बिल्ला घेऊ लागला. चहाच्या वेळी फळीवर दोन-दोन, तीन-तीन बिल्ले दिसू लागले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बापूसाहेबांनी रेश्माचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं. त्यांना पाहायला अर्धा तास लागला. सबंध कागदावर त्यांनी लाल पेन्सिलीनं एकच खूण केली.

"एवढं माप तपासा, दुरुस्त करा आणि खाली पाठवा."

शिकाऊ ड्रॉइंगं कपाटात जायची. खाली जायचं ते, ज्यावरून टाकी बनणार. रेश्माला हे कळायला क्षणभर लागलं, मग तिनं बिल्ला उचलला आणि ते माप दुरुस्त करायला बसली.

दुपारी प्रिंट खाली न्यायचं काम जोतीरामांचं नव्हतं, तरी तेच घेऊन गेले. कंपनी सुरू झाल्यापासूनचे फिटर दत्तोबा यांनी चष्मा लावून कागद पाहिला.

"हे चांगलं झालं. कॉम्प्युटर आल्यापसनं मापं वाचायला कागद फिरवत बसावं लागायचं. ह्येच्यावर न्हाय. पयल्या शाईच्या ड्रॉइंगांगत हाय." मग त्यांनी कोपऱ्यातली नावाची चौकट वाचली. "ड्रॉइंग काढणार: रेश्मा. ही कोण नवी आली?"

"नवी न्हाय. शाईची बी तीच गिरवायची. चौकटीत नाव इंजिनिअरचं पडायचं."

दत्तोबांनी चष्म्यावरून वर पाहिलं. "तीन वर्षं हिच्या रेघांवर पत्रा कापला, आन् नाव आज कळतंय व्हय आमाला?"

"जाऊन सांगतो तिला," जोतीराम म्हणाले, आणि गुडघे दुखत असतानाही दोन-दोन पायऱ्या करत जिना चढू लागले.