गजाचा भाव

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे सुधाकरराव तसे हुशार माणूस. पण नोकरीच्या सुरुवातीला ते नोएडात एक प्लॉट बघायला गेले आणि दलालाने भाव सांगताच ताडकन उठले. "उल्लू समझा है क्या?" असं त्याला सुनावून बसने परत आले. आपल्याकडे भाव चौरस फुटाचा सांगतात. तो बिचारा गजाचा सांगत होता. इथे गज कोणी बोलून दाखवत नाही, तो गृहीतच असतो. एका चौरस गजात नऊ चौरस फूट बसतात. सुधाकररावांना जागा नऊपट महाग वाटली.

चूक कळेपर्यंत प्लॉट गेला होता. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात हा किस्सा सगळ्या मराठी मंडळींत पसरला आणि घरात तर कायमचा मुक्कामाला आला. भाजी महाग मिळाली तरी सुमित्रावहिनी विचारायच्या, "फुटाने घेतलीत की गजाने?" सुधाकरराव हसायचे. मला मात्र चीड यायची. नंतर त्यांनी काय कमी प्रयत्न केले? चार पैसे जमवून जावं, तर भाव आणखी पुढे गेलेला. नोएडात टॉवरमागून टॉवर उठले, पण अर्ध्या फ्लॅटांत संध्याकाळी दिवा लागत नाही. ज्यांना राहायचंच नाही त्यांनी चार-चार घेऊन ठेवलेत. ज्यांना राहायचंय त्यांनी खालून मजले मोजावेत.

यंदा सुधाकरराव रिटायर झाले. क्वार्टर सोडायची वेळ आली. त्यांची मुलगी संपदा आणि जावई धीरज दोघंही नोएडात आयटीत आहेत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. सुधाकररावांचा फंड आणि पोरांचं कर्ज मिळून एक फ्लॅट घ्यायचा, सगळ्यांनी एकत्र राहायचं, असं ठरलं. नातीला सोडून राहणं वहिनींना जमणारच नव्हतं.

फ्लॅट बघायला त्यांनी मलाही नेलं. दलालाने भाव सांगितल्याबरोबर संपदाने विचारलं, "किस हिसाब से?" त्याने नीट समजावलं. तिने मोबाईलवर आकडे मांडले, बँक किती देईल ते बघितलं, मग पुसून पुन्हा मांडले. शेवटी मोबाईल वडिलांपुढे धरला. "बाबा, माझी काहीतरी मिस्टेक होतेय. बघा ना जरा."

सुधाकररावांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. एकदा तर मला वाटलं, सापडली चूक. इतकी आशा मी स्वतःच्या घरासाठीही कधी केली नव्हती.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

दोन पगार आणि एक आयुष्यभराचा फंड, तरी पुरेना. बाहेर आल्यावर संपदा म्हणाली, "बाबा, फिलहाल तुम्ही दोघं अकोल्याला काकांकडे राहा. घर झालं की लगेच बोलावते, पक्का."

"बिल्कुल," सुधाकरराव म्हणाले.

वहिनींनी लेकीचा हात धरला. "आम्ही असेपर्यंत होईल ना गं?"