अर्धापूरचे सातजण

हरणाऱ्या संघाकडं किस्से जास्त असतात. जिंकणारे ढाल घेऊन घरी जातात आणि झोपतात. हरलेल्यांना परतीच्या ट्रकमध्ये काहीतरी बोलावंच लागतं. आमच्या चाकूरच्या कबड्डी संघाकडं असा माल लई साठला, आणि त्यातला निम्मा आमच्या म्हाताऱ्यांनी पुरवला.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. नव्या जिल्ह्याचा पहिला संघ म्हणून आम्हाला उभं केलं. पण अर्धापूरची पोरं समोर आली की आमची चढाई मेलीच. बाकीचे संघ मागं थांबतात, चढाईवाला आत आला की पकडतात. ह्यांची तऱ्हाच वेगळी. आपण मध्यरेषा ओलांडली की सातही जण एकदम अंगावर. एकदा हरलो, दुसऱ्यांदा हरलो. मग मंडळाचे अध्यक्ष अण्णा म्हणाले, "आता हरलात तर मुरुडची पोरं घेतो."

मी कॉलेज अर्ध्यात सोडलेलं. वडलांनी बजावलं होतं, संघातून निघालास की मामाच्या आडतीवर पोती उचलायची. मामाची आडत मुरुडला. म्हणजे मुरुडचं पोरगं माझ्या जागेवर, आणि मी त्याच्या गावात.

*

नव्या जिल्ह्याला नवी जर्सी पाहिजे होती. अण्णांनी जुन्याच काढल्या. छातीवर 'उस्मानाबाद' होतं, त्यावर पांढरी पट्टी टाचून 'लातूर' लिहिलं.

पहिल्या मॅचच्या पहिल्याच चढाईत सातजणांनी बशीरला दाबलं. बशीर आमचा सगळ्यात चपळ गडी. उठला तेव्हा पट्टी अर्धापूरच्या कॅप्टनच्या हातात होती.

बशीरनं छातीकडं बघितलं. "अण्णा, मी तर परत जुन्या जिल्ह्यात आलो."

अण्णा म्हणाले, "पट्टी मागून घे त्याच्याकडून. दुसरी न्हाई."

*

आमचे कोच गुरुजी, रिटायर्ड ड्रिल मास्तर. त्यांच्याकडं एकच डाव: "आत घुस." सात माणसं अंगावर आली तरी आत घुस. रेषेजवळ खेळणारा त्यांच्या लेखी बायल्या.

मी म्हटलं, "गुरुजी, पकडल्यावर दम न सोडता रेषेला हात लागला तरी धरणारे सगळे बाद होतात. मग रेषेपासून लांब जायचंच कशाला?"

"कॉलेज सोडलेल्यानं नियम शिकवू नये," गुरुजी म्हणाले, आणि निजामाच्या काळातली त्यांची एक चढाई सांगायला बसले. पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यांनी चौघं बाद केले होते. पुढच्या महिन्यात सहा झाले. त्या दिवशी आठ.

बशीर गरीब तोंड करून म्हणाला, "गुरुजी, संघात सातच असत्यात. आठवा कोण?"

गुरुजी अडले नाहीत. "पंच बी मधी आला होता."

*

दुसरी मॅच अर्धापूरला होती. आमच्याकडं प्यायला पाणी नाही, आणि तिथं केळीचे मळे हिरवेगार. यजमानांनी खेळायच्या आधी घडच्या घड आणून ठेवले. अण्णा म्हणाले, "खा रे, फुकट हाय. ताकद येईल."

आम्ही दुष्काळातली पोरं. खाल्लं.

बशीर चढाईला गेला, "कबड्डी, कबड्डी, कबड्..." आणि मोठी ढेकर आली. दम तुटला, बाद. दुसरा गेला, त्याचंही तेच. तिसऱ्याच्या वेळी सातजण पुढं आलेच नाहीत, जागेवर उभे राहून ढेकरेची वाट बघत होते. ती आली.

अण्णांनी आमच्याहून जास्त खाल्ली होती. मी तसं बोललो तर म्हणाले, "मला कुठं दम धरायचा हाय?"

*

गावात टँकर येऊन उभा राहिला की सगळं गाव एकदम पाइपावर तुटून पडायचं. शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी मी आईची कळशी भरली खरी, पण बाहेर येता येईना. पुढून रेटा, पाठीवर कुणाचं तरी कोपर, पायावर कुणाची तरी घागर. कळशी धरलेला हात तेवढा गर्दीबाहेर होता. बाहेर उभ्या असलेल्या आईनं ती अलगद काढून घेतली.

मी आतून ओरडलो, "आई, मला काढ की!"

आई निघाली होती. मागं न बघता म्हणाली, "तू ऱ्हा तिथंच. कळशी आली."

*

तिसरी मॅच आमच्याच मैदानात झाली. मैदानावर शिंपडायला पाणी नव्हतं, त्यामुळं माती फरशीसारखी. पाच गुणांनी मागं होतो आणि शेवटची चढाई माझी. मामा मुद्दाम बघायला आला होता.

"आत घुस," गुरुजी ओरडले.

मी रेषा ओलांडून एक पाऊल टाकलं आणि तिथंच उभा राहिलो.

"भ्यालं येडं," अण्णा शेजाऱ्याला म्हणाले, मला ऐकू जाईल असं.

सातही जण आले. त्यांच्याच धक्क्यानं मी रेषेकडं उताणा पडलो. छातीवर कॅप्टन, पायांवर दोघं, बाकीचे कुठं होते कळत नव्हतं. तोंडात माती, तरी कबड्डी-कबड्डी चालूच होतं. उजवा हात तेवढा मोकळा होता. मी तो डोक्यामागं ताणला. दोन बोटं रेषेपलीकडं गेली.

शिट्टी वाजली. पंच दोन्ही हातांची बोटं वर करून सात दाखवायला लागला. बशीर नाचत सुटला. कॅप्टनचं तिकडं लक्षच नव्हतं. तो छातीवर बसून मला आणखी दाबत होता, "गेला, ह्यो गेला."

मी दम सोडला.

"तू ऱ्हा तिथंच," मी म्हटलं. "कळशी आली."