उतरण्याआधीचे चार नियम

आमचे थोरले मामा पुराणवस्तू खात्यात खोदकामावर मुकादम होते. त्यांचे आजोबा जुनी थडगी फोडायचे. घरात त्याला चोरी म्हणायची सोय नव्हती. आजोबांचं काम जमिनीखालचं होतं, एवढंच मामी सांगायची. मामाही तसल्याच थडग्यांत उतरायचे, फक्त पगारी.

आजोबांचे नियम मात्र त्यांनी सोडले नाहीत. थडगं उघडलं की तीन दिवस आत पाऊल टाकायचं नाही. उतरताना नाकातोंडावर ओलं फडकं. त्याआधी दोरीने पेटती मेणबत्ती खाली सोडायची. विझली, तर आतल्या मालकाची परवानगी नाही, हात जोडून माघारी फिरायचं. आणि दोरी धरायला मेहुण्याला कधीही ठेवायचं नाही.

खात्यात नव्या मॅडम आल्या, रसायनशास्त्र शिकलेल्या, मामांच्या मुलीच्या वयाच्या. टेकडीमागचं थडगं उघडलं तेव्हा त्यांना लगेच उतरायचं होतं. मामा आडवे आले. भुताखेतांपायी सरकारी वेळ वाया जातो, असं मॅडमनी सुनावलं. मामांनी मेणबत्ती सोडली. अर्ध्या वाटेतच ज्योत गेली. दुसरी सोडली, तीही गेली. मामांनी हात जोडले.

मग मॅडमनी हवा मोजायचं यंत्र खाली सोडलं. ते असं काही कोकलायला लागलं की शेजारच्या खड्ड्यातले दोन मजूर फावडी टाकून पळाले. यंत्र वर ओढून मॅडमनी आकडे पाहिले आणि मातीच्या ढिगावर बसल्या.

"उतरले असते तर परत आले नसते," त्या म्हणाल्या.

"मालकांनी ठेवून घेतलं असतं," मामा म्हणाले आणि त्यांना पाणी दिलं.

पुढचे तीन दिवस दोघं खड्ड्याच्या काठावर बसून होते. मामा एकेक नियम सांगत होते, मॅडम त्याचं कारण मोठ्याने बोलत वहीत लिहीत होत्या. बंद जागेत सगळं कुजतं, जड वायू तळाशी साचतो, म्हणून ज्योत विझत असावी. तीन दिवसांत हवा खेळती होते. फडकं कदाचित बुरशीच्या धुळीसाठी असेल. मामा ऐकत होते, पण चेहरा उतरत चालला होता. आजोबांच्या सगळ्या भुतांची मॅडमनी एकेक करून बदली केली होती.

मेहुण्यापाशी मात्र मॅडमचं पेन अडलं. यात काही शास्त्र दिसत नाही, त्या म्हणाल्या. मामांनी सांगितलं, आजोबा खाली असताना मेहुण्याने आधी माल वर ओढला आणि पाठोपाठ दोरीही. दोन दिवसांनी आजीने येऊन नवऱ्याला बाहेर काढलं. भाऊ तिचाच, त्यामुळे कुठे शोधायचं हे तिला बरोबर कळलं.

"एवढ्यावरून नियम होत नाही," मॅडम म्हणाल्या. "प्रयोग पुन्हा करून बघायला हवा होता."

"मॅडम, आजोबांची पहिल्याच वेळी खात्री पटली."

मॅडम इतक्या हसल्या की वही खड्ड्यात पडली.

चौथ्या दिवशी मेणबत्ती शांतपणे तेवली, यंत्रही गप्प राहिलं. शिडीवर पहिलं पाऊल ठेवताना मॅडम हळूच खाली वाकून "येऊ का?" म्हणाल्या. मामांनी ऐकलं आणि मुद्दाम टेकडीकडे बघत राहिले.

आत एकोणतीस मडकी आणि एका माणसाची हाडं निघाली. त्यानंतर मामा निवृत्त होईपर्यंत दोघं नऊ वर्षं एकत्र उतरले. आधी यंत्र सोडायचं की आधी मेणबत्ती, यावरून मात्र दर वेळी वाजायचंच.