हणमंतअण्णाची ज्वारीची बीअर

किस्से म्हणजे बोराच्या झाडाखालची बोरं. एक उचलायला वाकावं, तर धोतराचा ओचा भरून घरी यावं लागतं! अन् ठाणाकुशनूरच्या हणमंतअण्णाचे किस्से वेचायचे म्हटलं तर ओचाच फाटतो.

अण्णा निजामाच्या काळी छावणीत एका गोऱ्या साहेबाचा खानसामा होता. साहेब विलायतेला गेला अन् अण्णा गावी आला. कुळव धरला, पण जीव सगळा कढईत. पोलिस ॲक्शननंतर गावाजवळून रस्ता व्हायला लागला. त्या कामावरचे हैदराबादी इंजिनिअर साहेब एकदा म्हणाले, "बीअर बनाते थे बोलते? दिवाली तक पीने लायक बनाके बताव. बीदर के डाकबंगले का खानसामा तुम!"

झालं! मोडाची ज्वारी वाळवून भरडायची, उकळायची, काडेचिराइतानं कडू करायची अन् शिंदीचा गाळ घालून आंबवायची. चाखायला आम्ही गावातले रिकामटेकडे. फुकट!

*

पहिली घागर आंबट ढ्यॅण! अण्णा म्हणे ज्वारी बिघडली. मी म्हटलं, "अण्णा, बीअर न्हाई ही, कढी हाय. फोडणी दे!"

अण्णाच्या बायकोला, काशीअक्काला, हसू आवरेना. "माझी ताकाची घागर सापडंना झालीय, कुणी बघितली का?"

अण्णानं कपाळाला हात लावला. तेव्हापासून घागर नवी, अन् तीही उकळत्या पाण्यानं धुतलेली.

*

दुसरीला धुराचा वास. मोडाची ज्वारी चुलीवरच्या शिंकाळ्यात वाळवलेली! आमचा रामजी दोन घोट पिऊन म्हणाला, "झकास! पाणी अन् बिडी एकदमच!"

मग ज्वारी माळवदावर उन्हात गेली. चिमण्यांनी निम्मी खाल्ली, पण धूर गेला.

*

तिसरीला चव होती, फक्त घाई झाली. आंबणं संपायच्या आत बाटल्या भरल्या, बुचं तारेनं आवळली. भर दुपारी धाड! धाड! धाड! चाखायला आलेले पोलिस पाटील गोळीबार समजून थेट बाजल्याखाली.

"पाटील, बाहेर या! बाटल्या हायत त्या!"

"किती उरल्यात?" आतून आवाज आला.

"दोन."

"त्या बी फुटू द्या, मग मला उचला!"

*

चौथीला हिंगाचा वास. अण्णा चक्रावला. घागर बदलली, विहीर बदलली, गाळायचं फडकं चारदा उकळलं. आठ दिवस जेवण गोड लागंना त्याला. मी शेजारी बसून हळहळायचो, "कामून असं व्हायलंय, अण्णा?"

नवव्या दिवशी तो घागर हुंगता हुंगता माझ्या बंडीच्या खिशापाशी आला. थांबला. परत हुंगलं. खिशात हिंगाची पुडी; बीअर जमली की आमचं फुकटचं चाखणं संपणार होतं ना!

मला वाटलं, आता कानाखाली बसते. अण्णा म्हणाला, "ज्याला इतका हिंग लपवायला येतो, त्याला वास वळखायला बी येतो. आजपासून हरेक घागर पयली तू हुंगायची. सोडत न्हाई तुला!"

मी उर्दू चौथी नापास. जन्मात कुणी दिलेली ही पहिली नोकरी! हिंग सुटला बघा माझा.

*

पाचवी घागर सोन्यासारखी उतरली. रंग मधासारखा, वर फेस, जिभेवर बेताचा कडू. अण्णा मात्र अंगणात येरझाऱ्या घालायलेला. "साहेबाच्या जिभेला न्हाई पटली तर? मग आयुष्यभर कुळवच!"

दिवाळीच्या दिवशी त्याची सासू आलेली, आळंदकडची. बोलणं कन्नड, मराठी कामापुरतं, कान मंद. साहेबांची जीप वेशीत दिसली तसा मी ओरडत पळालो, "बीअर! बीअर बघायला आले!"

म्हातारीनं ऐकलं, "बीगर". कन्नडात बीगर म्हणजे व्याही. घरात अण्णाची लेक लग्नाची!

साहेब दारात येतात तोवर म्हातारीनं त्यांच्या बुटांवरच तांब्या रिकामा केला. कुंकू लावलं. गूळ हातावर ठेवला. साहेब म्हणाले, "क्या खातिरदारी है!" अन् गूळ खाऊन टाकला. नातीला आत वेणी घालायला पिटाळून म्हातारी समोर मांडी घालून बसली. अण्णानं पेला पुढं केला.

साहेबांनी घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. पेला खाली ठेवला तो रिकामाच.

म्हातारीला दम निघंना. "पसंत हाय का, बीगरू?"

मिशीचा फेस पुसत साहेब म्हणाले, "पसंद? एकदम पसंद! कलच बीदर भेज दो!"

"अय्यो!" म्हातारी ताडकन उठली. "अक्षता पडायच्या आधीच?"