दोन मडकी आणि चावरी चिलटं

गाववाल्यांनो, डेअरीच्या फळ्यावर आज मी लिहितेय. वाचल्याशिवाय पुसू नका.

सुप्याचं धरण भरल्यापासून संध्याकाळी चावणाऱ्या बारीक चिलटांचा दोष आपण धरणाला देतो. म्हणून मागच्या अमावस्येला मी दोन मडक्यांत ओली माती भरली, तोंडाला फडकी बांधली. एकात धरणाकाठची माती, दुसऱ्यात आमच्या गोठ्यामागची, शेणामुतानं काळी झालेली.

आज सकाळी बघितलं. धरणाच्या मडक्यात काहीच न्हाई. गोठ्याच्या फडक्याला आतून चिलटंच चिलटं!

सासूबाई म्हणाल्या, "व्हय गं, आपणच पाळल्यात की ही!"

ओल दोन्हीकडं सारखीच, पण चिलटांना शेणामुताची माती लागते. धूर करून डोळे चोळणं बस झालं. उद्या मी ती माती उपसून उन्हात पसरणार.

तुमच्या गोठ्यामागं फावडं कोण घालणार? की परत धरणालाच शिव्या?