लाल बिनमधले सुपरहिरो

मेलेला माणूस परतच आणायचा असेल तर आधी मारायचा कशाला, हा माझा सुपरहिरोंचे पिक्चर काढणाऱ्यांना पहिला सवाल आहे. अडीच तास आमचे डोळे भिजवायचे, मागे व्हायोलिन लावायचं, पावसात प्रेतयात्रा काढायची, आणि पुढच्या वर्षी तोच पठ्ठ्या नवीन दाढी ठेवून हजर! का, तर म्हणे विश्वं अनेक आहेत, हा दुसऱ्या विश्वातला. अहो, असतील ना विश्वं, माझी ना नाही. पण मग मागच्या वर्षी आम्ही जे रडलो ते कोणाच्या खात्यात?

गैरसमज नको. मी ह्या पिक्चरांचा दुश्मन नाही, पक्का भक्त आहे. एकही सोडलेला नाही. मोबाइलवर येणाऱ्या मालिकासुद्धा बघतो, आठ भागांतले सहा भाग नुसते वाट बघण्यात जातात तरी बघतो. पण माझे डोळे खराब आहेत. खराब म्हणजे चष्म्याचे नव्हेत, धंद्याचे. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी शेवटच्या तपासणीला असतो. पार्ट हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, मापाला गेज लावायचं. बरा असेल तर पुढे, कुठे ओरखडा किंवा चीर दिसली की लाल बिनमध्ये. पंधरा वर्षं हेच करतोय. ह्या डोळ्यांना रविवार कळत नाही. लग्नात गेलो तरी नवरदेवाचा फेटा कलता आहे हे आधी दिसतं.

त्यामुळे पडद्यावर हिरो उडत असतो आणि मी विचार करत असतो की ह्याचा तो अंगाला चिकटलेला ड्रेस शिवतो कोण? रात्रीत एकट्याने शिवला असं दाखवतात, पण शिलाई तर पक्क्या कारागिराची दिसते. अख्खी इमारत पडली, तर राडारोडा कोण उचलतं? खालच्या दुकानदाराचं काय झालं? मारामारी ऐन रंगात आल्यावर ह्यांना विनोद सुचतात तरी कसे? मला तर कंपनीतली लाइन बंद पडल्यावर स्वतःचं नाव आठवत नाही. आणि व्हिलनचं म्हणणं हल्ली हिरोपेक्षा जास्त पटतं, ते का? लिहिणाऱ्याला आधी व्हिलन सुचतो काय? खरंच सांगतो, हे मी खोडी काढायला विचारत नाही. मला जाणून घ्यायचं असतं. एखादी गोष्ट आतून कशी बसवली आहे ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सोमवारी सकाळी दिघीहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये हे सगळं मी मागच्या सीटवर ओततो. शेजारी मेंटेनन्सचा दोस्त असतो. तो मूळचा मोशीचा, जुन्या शेतकरी घरातला. एकदा सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढं खटकतंय तर जातो कशापायी, राव?"

मी म्हटलं, "आवडतं म्हणून."

"मंग आवडलेलं कदी सांगत न्हाई ते तू?" असं म्हणून त्याने खिडकीला डोकं टेकवलं आणि चाकण चौक येईपर्यंत झोपला. ते वाक्य तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं. नाही ऐकलं.

आता मुलीचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिची आहे. ती सहा वर्षांची असल्यापासून आमचा नेम होता. नवीन पिक्चर लागला की रविवारचा पहिला शो, चिंचवडच्या मॉलमध्ये, हिंदीतला. सुरुवातीला आम्ही तिघं जायचो. माझा मेहुणा, म्हणजे तिचा मामा, लातूरहून भोसरीला कामाला आला होता आणि आमच्याकडेच राहायचा. मुलगी मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. हिरोची एंट्री झाली की हा दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचा की पुढच्या रांगा वळून बघायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "अरे गावची टूरिंग टॉकीज आहे का ही?" असं मी डाफरायचो. तो म्हणायचा, "दाजी, तुम्हाला पिक्चर बघायचाय का तपासायचाय?"

तीन वर्षांपूर्वी तो गेला. पोटाचं दुखणं निघालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. त्याचं वय सांगवत नाही.

मग आम्ही दोघंच जायला लागलो. शेवटी सगळी नावं सरकून गेल्यावर एक छोटा सीन असतो, पुढच्या भागाची चुणूक दाखवणारा. सफाईवाल्या मावश्या झाडू घेऊन दाराशी उभ्या राहायच्या आणि आम्ही आपले खुर्चीला चिकटलेले. मग खाली पार्किंगमध्ये, स्कूटर काढायच्या आधी, मी विचारायचो, "हं, सांग. काय काय रिजेक्ट?" पोरीने कमीत कमी तीन चुका सांगायच्या. सांगायची पण! एकदा म्हणाली, "पप्पा, तो समुद्रातून बाहेर आला तेव्हा त्याचे केस कोरडे होते." मला काय आनंद झाला! बसमध्ये महिनाभर सांगत होतो. माझी पोर, माझेच डोळे.

ह्या वर्षी नवा पिक्चर आला. तीन वर्षांपूर्वी ज्याला मोठ्या थाटात मारला होता, तोच परत येणार अशी जाहिरात होती. मी म्हटलं, "चल, यांची शाळा घेऊ." ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "मला नाही यायचं. तुम्ही जा."

परीक्षा नव्हती. मैत्रिणींबरोबर जायचं होतं असंही नव्हतं, मी विचारलं. मला वाटलं, अकरावीत गेली, मोठी झाली, सुटलं हे वेड. होतं असं. पण दोन दिवसांनी रात्री पाणी प्यायला उठलो तर ही कानात इयरफोन घालून खिडकीशी बसलेली, मोबाइलवर त्याच सुपरहिरोंची मालिका चालू. मला बघून तिने मोबाइल उलटा ठेवला. म्हणजे सुपरहिरो सुटले नव्हते. मी सुटलो होतो.

मला फार लागलं ते. आधी राग आला, मग वाईट वाटलं, मग परत राग आला. बायकोला म्हटलं, "तूच काही बोललीस का तिला?" ती म्हणाली, "मी कशाला बोलू? तुमचं तुम्ही निस्तरा."

सोमवारी बसमध्ये मी गप्प होतो. दोस्ताने दोनदा कोपर मारलं, तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, "एवढा मोठा क्वालिटीवाला तू. शीट भर की. पार्ट वापस आला की भरतो न्हाई का?"

तो चेष्टेत बोलला, पण मी तेच केलं. आमच्याकडे गिऱ्हाइकाकडून पार्ट परत आला की एक कागद भरतात, त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. वर समस्या लिहायची. खाली पाच रकाने, प्रत्येकात 'का?'. पहिल्या उत्तराला पुन्हा का, त्या उत्तराला पुन्हा का, असं खाली खाली उतरायचं. शेवटी उपाय. एकच नियम कडक आहे. कारण म्हणून 'कामगाराची चूक' असं लिहायचं नाही. लिहिलंत तर साहेब कागद परत पाठवतात. माणसावर ढकललं की शोध थांबतो, असं त्यांचं म्हणणं.

मी एक कोरा कागद घरी आणला. वर लिहिलं, 'समस्या : मुलगी बापाबरोबर पिक्चरला येत नाही.' आणि फ्रिजवर चुंबकाने लावून टाकला. समोरासमोर विचारायची हिंमत नव्हती, हे आता कबूल करतो. बायको म्हणाली, "तेवढी कंपनी तरी घरात आणू नका." पोरीने येता-जाता बघितलं, दूध काढलं, दार लावलं, गेली. मंगळवार कोरा, बुधवार कोरा. मी उगाचच दहादा पाणी प्यायला उठत होतो.

गुरुवारी पहिली शिफ्ट करून चारला घरी आलो. पोर क्लासला गेली होती. कागद भरलेला होता, पेन्सिलने, बारीक अक्षरात.

'का? कारण पिक्चर संपला की मला पार्किंगची भीती वाटते.'

'का? कारण तिथे मला आवडलेलं सगळं लाल बिनमध्ये जातं.'

'का? कारण मी रडले होते तेव्हा तुम्ही हसलात आणि म्हणालात, येतो गं परत, ह्यांच्यात कोणी मरत नाही.'

'का? कारण मी हिरोसाठी रडत नव्हते.'

पाचवा रकाना रिकामा होता.

मी बूट न काढता तसाच उभा राहिलो. तो पिक्चर मला लख्ख आठवला. मेहुणा जाऊन तीन महिने झाले असतील. पडद्यावर हिरो मेला, आणि शेजारी पोर हुंदके देऊन रडायला लागली. थांबेचना. लोक बघत होते. मला काय करावं सुचेना, म्हणून मी विनोद केला. मारामारी ऐन रंगात आल्यावर ह्यांना विनोद सुचतात कसे, असं विचारणारा मीच ना तो! आणि ह्या वर्षी तो हिरो खरंच परत आल्याची जाहिरात लागली, तेव्हा मी काय म्हणालो असेन? "बघ, बोललो नव्हतो?" असंच म्हणालो. दोन वेळा.

पेन्सिल घेतली आणि पाचव्या रकान्यात लिहिलं, 'कारण बापाची चूक.' लिहून झालं आणि नियम आठवला. हा कागद तर परत येईल. खोडलं. मग बराच वेळ तिथेच, फ्रिजसमोर, खरं कारण शोधत राहिलो. मेहुण्याचा फोटो कपाटात होता, भिंतीवर नव्हता. बायकोला त्रास होईल म्हणून मी विषय काढत नव्हतो. मला त्रास होईल म्हणून ती काढत नव्हती. आणि आम्हा दोघांकडे बघून पोर गप्प. मी लिहिलं, 'कारण ह्या घरात कोणी मामाचं नाव काढत नाही.'

मागे भाजी चिरत बसलेल्या बायकोने वळून बघितलं. उठली, ओले हात पदराला पुसले आणि सगळा कागद वाचला. शेवटच्या ओळीशी आल्यावर तिला रडू फुटलं. मलाही आवरलं नाही. मग ती रडता रडताच म्हणाली, "तो काय शिट्टी मारायचा ओ, मेला!" आणि हसली. पोर क्लासहून आली तर आम्ही दोघं ओट्याशी त्याच्याच गोष्टी सांगत बसलेलो. तिने फ्रिजकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, दप्तर ठेवलं आणि आमच्यात येऊन बसली. उपायाचा रकाना भरायचा राहून गेला.

रविवारी सकाळी मी काही विचारलं नाही. स्कूटर पुसत होतो तर ही जिना उतरून आली, हातात हेल्मेट. "उशीर होतोय ना?" म्हणाली. एवढंच.

पिक्चर कसा होता म्हणाल तर पहिला तासभर नुसता अंधार, कोण कोणाला मारतंय कळायला मार्ग नाही. पण मी तोंडातून चकार शब्द काढला नाही, कोणाचे केस कोरडे आहेत तेही बघितलं नाही. आणि मग तो आला. मेलेला. आकाश फाटलं, उजेड झाला, ढोल वाजले. अख्खं थिएटर ओरडायला लागलं. मी चोरून बाजूला पाहिलं. पोरीचे डोळे भरलेले, हात मांडीवर घट्ट धरलेले.

मला काय वाटलं कोण जाणे, मी दोन बोटं तोंडात घातली आणि जोर लावून फुंकलं. नुसती हवा आली, आणि थुंकी. पुढचा माणूस मान पुसत वळला. मी सॉरी म्हणेपर्यंत कानाशेजारी अशी शिट्टी फुटली की मी खुर्चीतून दचकलो. लांब, धारदार, शेवटी वर चढणारी. ती त्याचीच शिट्टी होती.

पोरीने तोंडातून बोटं काढली आणि ड्रेसला पुसली.

"कधी शिकलीस?"

"मामाने शिकवली. गच्चीवर. मी दुसरीत होते." तिची नजर पडद्यावरच होती. "तुम्हाला आवडत नाही ना, म्हणून कधी वाजवली नाही."

इतकी वर्षं ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत होती. मी पडद्यावरची एकूण एक चीर शोधली होती.

"अजून एकदा वाजव," मी म्हटलं.