माझ्या संगणकातलं पोटखराब

मी मोजणी खात्यात आहे. दोन भावांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, नेमका कुठून जातो, हे भर उन्हात उभं राहून सांगायचं, हे माझं काम. अंजनगाव सुर्जीकडे तर मला बघितलं की लोक आधी चहा ठेवतात आणि मग भांडतात. असा माणूस नकाशा वाचताना चुकला, आणि तेही भरल्या मैफलीत.

माझ्या धाकट्या साळ्याचं अकोल्यात संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या अमरावतीच्या घरी येऊन त्याने माझ्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवून दिली. दोन दिवसांनी मी सहज डिस्कचा नकाशा उघडला. नकाशा दिसला की माझा हात थांबत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे आत सी आणि डी, एवढेच दोन तुकडे. नकाशात मात्र कडेकडेने आणखी तीन चिंचोळ्या पट्ट्या. त्यांना अक्षर नाही, उघडायला गेलं तर उघडत नाहीत. माझ्या डोक्यात एकच आलं: कोणीतरी धुरा कोरून माझी जागा दाबली.

साळ्याला एक फोन केला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण नकलेसाठी इतका झकास माल फोनवर वाया घालवायचा माझा स्वभाव नाही.

त्याच रविवारी सासरच्या वावरात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या धगधगत्या आरात कणकेचे रोडगे भाजेपर्यंत भुकेली माणसं काहीही ऐकतात. मी उठलो, काडीने मातीत चौकोन आखला, ही माझी डिस्क म्हणालो, आणि साळा झालो. चोरपावलांनी आलो, इकडेतिकडे पाहिलं, फावड्याने धुरा कोरला, तीन पट्ट्या कंबरेला खोचल्या. सासूबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या. साळा वांग्याची भाजी ढवळत होता. आधी तोही हसला. मग भाजीच्या गंजातच बघत राहिला.

पाहुण्यांत टायपिंगचा क्लास चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या क्लासातल्या सगळ्या संगणकांचं काम साळ्याकडे यायचं ठरलं होतं. त्यांनी विचारलं, खरंच असं जागा दाबून ठेवतात का? मी अजून भूमिकेतच होतो.

"नकाशा खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

आठवड्याने बायकोने सांगितलं की ते काम दुसऱ्या दुकानात गेलं. मी सकाळच्या बसने अकोल्याला गेलो.

साळ्याने मला बसायला स्टूल दिलं आणि एका पावतीच्या पाठीवर चौकोन काढला. पुढची बारीक पट्टी संगणक सुरू करते. मागचीत दुरुस्तीचं सामान असतं, मुख्य सिस्टीम बिघडली तर कामी येणारं. नव्या सिस्टीमला त्या सामानासाठी जास्त जागा लागली, म्हणून तिने स्वतःच सीमधून थोडी कापून नवी पट्टी पाडली. जुनी तशीच पडून राहिली. कचरा समजून कोणी पुसू नये म्हणून त्या लपवलेल्या असतात. यातलं काहीही त्याने केलेलं नव्हतं.

मग पेन खाली ठेवून तो म्हणाला, "भाऊजी, वावरातून नाला जाते, तिथं पेरता येत नाही. ते पोटखराब तुमी कोनाच्या नावावर लावता?"

"मालकाच्याच."

"मंग हे कोनाचं हाये?"

हेच मी किती शेतकऱ्यांना समजावलं असेल. नाला, खडक, वाट. पेरता येत नाही, पण आहे तुमचंच. कोणी हुज्जत घातली की मी वैतागायचोसुद्धा.

ती पावती घेऊन मी क्लासवाल्यांकडे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा हातवारे न करता बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमी मजाक करून राहिले हे मले समजलं होतं," ते म्हणाले, "पण मनात एकदा आलं ते आलं." काम गेलं ते गेलंच.

पुढच्या वर्षी पुन्हा रोडगे. सासूबाईंनीच फर्माईश केली, तो धुऱ्याचा खेळ करा. मी केला. पण या वेळी शेवटी मोजणीदाराला मूर्ख ठरवलं. पहिल्या अर्ध्या भागाला लोक पोट धरून हसले, दुसऱ्याला फारसं कोणी हसलं नाही.

साळा आर उकरत बसला होता. त्याने पहिला रोडगा माझ्याच पानात टाकला, एका बाजूने पार कोळसा झालेला. मी तो तसाच खाल्ला, त्यावर तूपही मागितलं नाही.